सुटातली जागा

हिंगोलीकडचा माणूस थंडीनं काकडतो म्हटलं की मुंबईचे लोक हसतात. त्यांनी आमचा मे महिना ऐकलेला असतो, पौष पाहिलेला नसतो. पौषात सकाळी आठ वाजता तलावाच्या तळाशी, पस्तीस फूट पाण्याखाली काम करून बघा म्हणावं. दहा मिनिटांत बोटं परक्याची वाटायला लागतात. वीस मिनिटांत हातातला पान्हा सुटतो, आणि सुटला हे कळतही नाही. मी पाटबंधाऱ्याच्या कामांवर बावीस वर्षं पाणबुड्या होतो. भीतीशी माझं कधी वाकडं नव्हतं. वैर होतं ते थंडीशी.

म्हणून आधी कपड्यांचं सांगतो. पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

माझा काळा रबरी सूट मुंबईच्या गोदीतल्या माझ्या उस्तादाचा. उस्ताद हाडापेरानं माझ्या दीडपट. गुडघे गेले तेव्हा त्यानं तो मला देऊन टाकला. लोकांना वाटतं असला सूट पाणी बाहेर ठेवतो. साफ चूक. पाणी आत येतंच. अंग आणि रबर यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर बसतो, तो आपल्याच अंगानं तापतो आणि तोच आपल्याला ऊब देतो. पण सूट अंगाबरोबर असला तर. ढिला असला की जरा हललं तरी तापलेलं पाणी गळ्यातून बाहेर आणि गार पाणी आत. फुटक्या घागरीत पाणी तापवण्याचा उद्योग. माझ्या छातीवर चांगली तीन बोटं जागा उरायची. ती जागा भरणं हीच माझी विद्या. सुती बनियन कधीच नाही. सूत भिजलं की वैरी. सगळ्यात आत लोकरीची घट्ट जर्सी. तिच्यावर माझ्या बायकोनं, पद्मानं, धनगराची घोंगडी कापून शिवलेली बिनबाह्यांची बंडी. तिच्यावर ट्रकच्या ट्यूबमधून कापलेला पाठपोटाचा पट्टा. सूट गळ्यापर्यंत, डोक्याला नुसती कानटोपी. एवढे थर चढले की अंग तरंगायला लागतं, मग खाली बसायला कमरेला शिशाचे आठ तुकडे. थर कमी पडला तर गारठा, जास्त झाला तर श्वास अडतो. हा हिशेब मला झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगितला असता.

सन शहात्तरचा जानेवारी. कुरुंद्याच्या वरच्या अंगाला भुईदरीचा तलाव, बैलगाडीनं दीड तास. बांधाच्या पोटात कालव्याचं लोखंडी गेट, आणि गेटासमोर काडीकचरा अडवायला जाळी. जाळी गाळानं आणि बाभळीच्या फांद्यांनी गच्च झाली होती. सोमवारी गव्हासाठी पाणी सुटणार होतं. मला गुरुवारी बोलावलं, आणि जाळी मोकळी करायला चार दिवस दिले.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पद्मानं माझी जर्सी चुलीजवळ वाळत घातली आणि तिची पाठ जळाली. ती बिचारी रडकुंडीला आली. मी म्हटलं, जाऊ दे, घोंगडीवर भागवू. भागणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तलावावर पोचलो तर बांधावर एक बाई बसलेली. हिरव्या बांगड्या, कपाळाला मोठं कुंकू, मांडीवर कापडाचं गाठोडं. ही रूपाबाई. तिचा नवरा कोंडीबा इथंच गेटावर खलाशी होता. चौऱ्याहत्तरच्या भादव्यात तलाव फुगला तेव्हा तो गेट बघायला उतरला आणि परत आला नाही. मढं मिळालं नाही, आणि तेव्हापासून गेटही उचललेलं नव्हतं. ओव्हरसियर किसनरावांनी कागदावर लिहिलं, कामगार न कळवता पळून गेला.

"भाऊ, तुमी गेटापाशी जानार न्हं?" रूपाबाईनं विचारलं.

"जाणार."

"तिथं माझा मालक हाय. त्याला वर आना."

किसनराव मागंच उभे होते. "तिचं काय ऐकतो रे नरसिंग. तो निजामाबादेला हाय, एका बाईसंग. लोकांनी बघितला."

"कुन्या लोकांनी?" ती उठून उभी राहिली. "एकाचं तरी नाव लिवा की कागदावर. दीड साल झालं, लोकं लोकं करून राहिले. माझी लेक पोरासंग माहेरी येत न्हाई. सासरचे म्हनतात, पळपुट्याची पोर."

किसनराव चिडले. सोमवारी गेट उचललं की त्या दाबानं पाणी बोगद्यातून असं सुटेल, की आत काही असलंच तर त्याचं पीठ होऊन कालव्यानं जाईल. मग बस शोधत, असं ते बोलून गेले. बोलल्यावर त्यांचं त्यांनाच लागलं असावं. ते खाली मोटारसायकलीकडे गेले.

मी तिथल्या तिथं ठरवलं. जाळी तर मोकळी करणारच, पण कोंडीबा खाली असेल तर सोमवारच्या आत वर आणणार. किसनरावांचा मला राग आला होता, हे खरं कारण. आणि माझ्या बापाला, रामजीला, गावच्या ज्या विहिरीला हात लावू दिला नव्हता, तिच्यातच उतरून मी पुढं गाळ काढलेला आहे. पाण्यापाशी कोणी मला 'जाऊ नको' म्हटलं की मी उतरतोच.

रूपाबाईनं गाठोडं सोडलं. आत खात्यानं खलाशांना दिलेली खाकी लोकरी जर्सी होती. "तुमची जळाली म्हून वसराम सांगत व्हता. ही घाला."

वसराम हा माझा जोडीदार. तांड्यावरचा, पन्नाशीचा, काठावर हवेचा पंप आणि माझा दोर सांभाळणारा. त्यानं माझा दंड धरला. "मेलेल्या मानसाचा कपडा अंगाला लावू नको, नरसिंग."

आमच्याकडे मेलेल्याचे कपडे एक तर सरणावर जातात, नाही तर कुणाला तरी देऊन टाकतात. ही जर्सी दोन्हीकडे गेली नव्हती. सोळा महिने खुंटीला होती.

"मेला म्हून कोन म्हंतं?" रूपाबाई म्हणाली. "ह्यांच्या कागदावर तर जिता हाय. जित्या मानसाचा कपडा हाय, घाला बिनघोर."

मी हसलो. आमच्या घरात छप्पनपासून देव नाहीत, तशी भुतंही नाहीत. मी जर्सी घातली. मापाला बरोबर बसली.

गुरुवारी उतरलो. शेवाळी पाणी, हातभर पुढचं दिसत नाही. तळाशी तर नुसता काळोख, सगळं काम हातानं चाचपून. मी गळ्यातून गार पाणी यायची वाट बघत होतो. ते नेहमी येतं, मानेतून मणक्यावर उतरतं, आणि पहिला श्वास अर्धवट राहतो. आलं नाही. मी फांद्या तोडत राहिलो. पन्नास मिनिटांनी वसरामनं दोर हलवला तेव्हा लक्षात आलं, की माझी बोटं आपली वाटताहेत. मला घाम फुटायचा राहिला होता एवढंच.

वर आल्यावर मी विचार केला. जर्सी जाड असेल. लोकर चांगली असेल. सरकारी माल कधीमधी चांगला निघतो.

पण एक गोष्ट जुळत नव्हती. या सुटाचं रबर फुगीर असतं. खोल गेलं की दाबानं ते चेपतं आणि सूट आणखी ढिला होतो. माझा सूट तळाशी घट्ट झाला होता.

"आज लई जड झाला तू," वसराम दोर गुंडाळत म्हणाला.

"गाळ लागला असेल."

शुक्रवारी मी बंडी आणि ट्यूबचा पट्टा काठावर ठेवला. आत फक्त कोंडीबाची जर्सी. सूट चढवला तेव्हा छातीवरचं रबर चिमटीत धरून बघितलं, चांगली वळकटी आली. दोन थर कमी, म्हणजे अंग कमी तरंगणार आणि खाली बसायला शिसंही कमी लागणार. त्याप्रमाणे शिशाचे दोन तुकडे काढले. तरी तळाला गुडघ्यापर्यंत गाळात रुतलो. चाचपडत आणखी दोन तुकडे सोडवून दोराला बांधले, तेव्हा पाय सुटले.

मग छातीवर हात ठेवला. वळकटी नव्हती. रबर गच्च भरलेलं. दंडावर दाबून बघितलं, मांडीवर बघितलं. सगळीकडे भरलेलं, आणि ऊबदार. भाकरी तव्यावरून काढून कापडात गुंडाळतात, त्या कापडाला लागते तशी ऊब.

मी काम चालू ठेवलं. जाळीचा डावा भाग मोकळा झाला. कोंडीबा तिथं नव्हता.

वर आलो तर वसराम माझ्याकडे न बघता पंप पुसत होता.

"काय झालं?"

"बुडबुडे दोन जागी येऊन राहिले व्हते."

"नळी फुटली असेल."

आम्ही नळी पाण्याच्या टोपात घालून हवा सोडली. हातभर हातभर करत सगळी तपासली. एक भोक नव्हतं. वसराम त्या दिवशी जेवला नाही.

शनिवारी सकाळी मी जर्सी घडी करून रूपाबाईच्या हातात दिली. मला एकदाच खात्री करून घ्यायची होती. कपड्यात काही असेल तर कपडा काढला की संपेल, आणि मी वसरामला चार दिवस चिडवीन.

"ऊब लागली का तुमाला?" तिनं विचारलं.

"लागली."

तिनं जर्सी नाकाशी धरली, बराच वेळ. "ह्याला त्याचा वास येत व्हता," ती म्हणाली. "आता दुसराच येऊन राहिला."

"माझा असेल."

ती माझ्या जवळ आली. मला लाज वाटली, पण तिनं माझ्या खांद्याजवळचा वास घेतला आणि मान हलवली. "तुमचाबी न्हाई."

त्या दिवशी मी सुटाच्या आत काहीच घातलं नाही. उघडं अंग. कुठलाही पाणबुड्या पौषात हे करणार नाही; उस्तादानं पाहिलं असतं तर कानाखाली मारली असती. सूट अंगावर पोत्यासारखा लोंबत होता. उतरताना मी दात आवळून ठेवले, कारण आता पाणी येणारच.

दहा फूट. आलं नाही. वीस फूट. माझ्या पाठीवर, पोटावर, दंडांभोवती जागा हळूहळू भरत गेली.

तळाला पाय टेकले तेव्हा तीन बोटं सोडाच, नखाएवढीही जागा नव्हती.

मी खोटं सांगत नाही, मला भीती वाटली. पण भीतीपेक्षा संताप जास्त आला. सूट माझा. अंग माझं. हवा माझ्या नळीची. कुणाला यायचंच होतं तर विचारून यावं. तोंडात हवेची नळी, बोलता येत नाही, म्हणून मी मनातल्या मनात ठणकावलं, मला काम आहे, राहायचं तर राहा, हात अडवू नको.

आणि मी श्वास सोडला.

पूर्ण सोडला. माझी छाती आत गेली. सुटाची छाती वर आली.

मी थांबलो नाही. मोजत राहिलो. मी घ्यायचो तेव्हा तो सोडायचा, मी सोडायचो तेव्हा तो घ्यायचा. अशी पन्नास मिनिटं आम्ही जाळी साफ केली.

शनिवारीही कोंडीबा सापडला नाही, पण जाळी पुरती मोकळी झाली. किसनराव खूश झाले. म्हणाले, काम झालं, उद्या उतरायचं नाही, पंप गाडीत चढवा.

"पंप माझ्या सहीनं आलाय," मी म्हटलं. "माझ्या सहीनं जाईल. सोमवारी."

"काहून रे? तुला काय पडलंय त्या बाईचं?"

"तुम्हाला काय पडलंय त्यानं खाली राहण्याचं?"

रूपाबाई बांधावर उभी होती, तिनं ऐकलं. तिथून ती घरी गेलीच नाही. रात्रभर बांधावर शेकोटी करून बसली.

रविवारी वसराम म्हणाला, "मी दोर धरतो. पर एक डाव वढला की तू वर यायचं. दोन डाव वढावं लागलं तर मी दोर सोडून पळनार." पन्नास वर्षांचा माणूस हे सांगताना रडत होता. मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

पुन्हा उघड्या अंगानंच उतरलो. आता माघार घेतली असती तर जन्मभर स्वतःला तोंड दाखवता आलं नसतं.

वीस फुटांवर सूट भरला. मी वाटच बघत होतो.

जाळीच्या कडेच्या फटीतून मागं, गेटाच्या खाचेपर्यंत मी सरपटत गेलो. तिथं गाळ छातीएवढा. डावीकडून चाचपत निघालो. दगड. फांदी. पुन्हा दगड.

अर्धा तास झाला. काही नाही.

उजवीकडे खाच अरुंद होती. तिथं माणूस मावणार नाही, असं ठरवून मी वळलो.

माझा हात वळला नाही.

मी ओढला. बाही ओढू देईना. रबराच्या आतून, माझ्या मनगटाच्या शेजारून, कुणीतरी तो खाचेकडे नेत होतं. जोर नव्हता. घाई नव्हती. आंधळ्याला बसमध्ये चढवतात तसं.

मी हात सैल सोडला.

बोटांना कापड लागलं. मग गुंडी. मग दुसरी गुंडी. शर्ट होता, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला, आणि आत भरलेला.

मी त्याला दोन्ही हातांनी कवेत घेतलं आणि मागं रेटा दिला. तो सुटला.

त्याच क्षणी सूट रिकामा झाला.

थंडी एकदम आली. गळ्यातून, मनगटांतून, घोट्यांतून. सूट अंगावर फडफडायला लागला. माझे दात नळीवर वाजत होते, पण मी ओझं सोडलं नाही. पोत्यात भरलं, तोंड बांधलं, दोर ओढला. वसरामनं एकदाच ओढलं.

दुपारी वसमतहून सरकारी डॉक्टर आणि जमादार आले. बांधावर, भर उन्हात, पोत्यावर पंचनामा झाला. मी दोन घोंगड्या गुंडाळून बसलो होतो आणि तरी माझे ओठ निळे होते. किसनराव होते, वसराम होता. रूपाबाई दोन हात अंतरावर उभी होती, तिला कोणी हटवू शकलं नाही.

खाकी शर्ट खात्याचा. खिशात गेटाची किल्ली, पितळेची, नंबर कोरलेली. रूपाबाईनं ती बघितली आणि किसनरावांकडे बघितलं. किसनरावांनी मान खाली घातली. मला तेव्हा इतका आनंद झाला, की थंडी विसरलो.

मग डॉक्टरनं गुंड्या सोडल्या. हाडं एकेक करून मांडायला लागला. मांडता मांडता त्याचा वेग कमी झाला. त्यानं पहिल्यापासून पुन्हा मोजलं.

"कवटी एकच आहे," तो म्हणाला. "गळ्याखालचं सगळं दोन माणसांचं."

जमादाराची लेखणी थांबली.

"एका शर्टात?" जमादारानं विचारलं.

"एका शर्टात."

त्यानं डाव्या हाताचं एक हाड उचलून उजेडात धरलं. मनगटाच्या चार बोटं वर ते बाहेरच्या अंगाला वाकलेलं होतं. लहानपणी मोडून तसंच जुळलेलं, असं तो म्हणाला. रूपाबाईला विचारलं. तिनं मान हलवली, कोंडीबाचा हात कधी मोडला नव्हता.

किसनरावांना तेवढंच हवं होतं. "मग ह्यो कोंडीबा कशावरून? जुन्या मसनवटीतली हाडं व्हावत आली असतील. किल्ली काय, कुनाच्याबी खिशात जाईल. बेवारस लिवा, जमादार."

जमादार चांगला माणूस होता, पण कागदाचा माणूस. तो म्हणाला, दुसरा कोण ते ठरलं तर पहिला कोंडीबा म्हणता येईल. दुसऱ्याला वारस नसेल तर दोघंही बेवारस. सरकारात असंच चालतं. गेल्या दोन वर्षांत या तलावावर कोंडीबाशिवाय कुणी नाहीसं झालं नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

रूपाबाई मटकन खाली बसली. चार दिवसांत पहिल्यांदा ती खचली, आणि तिच्या तोंडून आवाज निघाला तो मला आजही ऐकवत नाही. सोळा महिने लढून बाई कागदाच्या एका ओळीवर हरत होती.

मी उठलो. घोंगड्या खाली पडल्या.

"दुसऱ्याला वारस आहे," मी म्हटलं. "मी आहे. लिहा."

"तुमचा कोण लागतो?"

"जवळचा."

"नाव?"

"नरसिंग रामजी खिल्लारे."

जमादारानं लिहिलं. मग म्हणाला, "आता वारसाचं नाव."

"तेच."

त्यानं मान वर केली. मी म्हटलं, एका नावाची दोन माणसं नसतात का, आणि कोंडीबाचं नाव आधी, वरच्या ओळीत घाला. त्यानं घातलं. रूपाबाईनं ती ओळ त्याच्याकडून दोनदा वाचून घेतली, आणि मग स्वतःच्या हातानं, दगडावर, एकेक बांगडी फोडली.

सही करायला मी कागदावर वाकलो. मी डावखुरा. सात वर्षांचा असताना लिंबावरून पडलो होतो; कनेरगाव नाक्याच्या हाडवैद्यानं तो हात बांधला, पण तो वाकडाच जुळला. सदऱ्याची बाही कोपरापर्यंत वर सरकली होती.

डॉक्टरनं माझ्या हाताकडे बघितलं. मग हातातल्या हाडाकडे. मग ते हाड त्यानं हलकेच फडक्यात गुंडाळलं आणि माझ्या पुढं धरलं. "सांभाळून घ्या," तो म्हणाला. "अजून गरम आहे."